रीळ बदलेपर्यंत खुनी ठरवा

चपला हातात घ्या. बाहेर ठेवल्यात तर परत मिळायच्या नाहीत, आणि पायात ठेवून आत गेलात तर कुणाच्या तरी घोंगडीवर पाय पडून सिनेमा सुरू व्हायच्या आधीच भांडण जुंपेल.

तुम्ही घोडनदीला उभे आहात. कागदोपत्री गावाचं नाव शिरूर, पण इथं कुणाला विचाराल तर तो नदीचंच नाव सांगेल. साल १९६५च्या आगेमागे, महिना चैत्र. दिवसभर तापलेली माती अजून तळपायांना चटके देतेय. सूर्य बुडून तास झाला तरी वारा म्हणून जो येतो तो चुलीपुढून आल्यासारखा येतो. त्यातच रॉकेलचा वास, भज्यांच्या घाण्याचा वास, बैलांच्या शेणाचा वास, आणि गॅसबत्तीचं ते न थांबणारं सूंऽऽ. जत्रा आहे. मौत का कुवाँवाल्याची फटफटी कान फोडतेय, रेवड्यांवर माश्या आणि पोरं सारख्याच संख्येनं बसलेली.

पण गर्दी वळतेय ती मैदानाच्या टोकाला, त्या मोठ्या ठिगळाठिगळांच्या तंबूकडे. दिवाळी सरली की असे तंबू गावोगावच्या जत्रा गाठत निघतात आणि मृगाचा पहिला ढग दिसला की गुंडाळले जातात. वर दोन कर्णे बांधलेत. त्यातून एक घसा बसलेला माणूस ओरडतोय : देव आनंद! शकिला! जॉनी वॉकर! खून! पाठलाग! थरार! आजचा खेळ ‘सी. आय. डी.’! सिनेमा १९५६चा. मुंबई-पुण्याच्या थेटरांतून कधीच उतरलेला, प्रिंट झिजलेली. पण इथं तो आजच लागलाय, म्हणजे आजचाच. मुंबईहून सिनेमा घोडनदीला पोहोचायला वर्षं लागतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. प्रिंटचे पत्र्याचे डबे दुपारच्या एसटीनं आले, टपावर, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी. ही एसटी ज्या नगर-पुणे रस्त्यानं येते, त्याच रस्त्यावरून १९४८ साली एसटीची सगळ्यात पहिली गाडी धावली होती.

तिकीट काढलंत? मुठीत घट्ट धरा. वाका. कनात वर करून आत शिरा.

आत घाम आहे. म्हणजे माणसं आहेत, पण आधी जाणवतो तो घाम. त्याच्यामागून विडी, खोबरेल, आणि बायकांच्या बाजूनं अबोलीचा एक कोमेजलेला झोत. मधोमध सोल बांधलाय : एकीकडे बाया, एकीकडे बाप्ये. खुर्ची नाही, बाक नाही. घरून पोतं आणलं असेल तर पोतं, नाहीतर माती. तुमच्या शेजारी एक पागोटंवाले तात्या पाय पसरून बसलेत. ते तुमच्याकडे एकदा बघतात, गुडघा चार बोटं आत घेतात आणि म्हणतात, “बसा पाव्हणं. पुण्याचं दिसताय.” संपलं. तुम्हाला जागा मिळाली.

मागं तंबूबाहेर एक जुनाट ट्रक उभा आहे आणि त्याच्या पोटातून प्रोजेक्टरचं भिंग कनातीच्या भोकातून डोकावतंय. जनरेटर धडधडतोय. कार्बनच्या दोन कांड्या टोकाला टोक भिडवून पेटवल्या की आधी एक चरचर ऐकू येते, मग जळका, दातांत शिरणारा वास येतो, आणि मग तुमच्या डोक्यावरून पांढऱ्या प्रकाशाची एक जाड तिरीप जाते. तिच्यात विड्यांचा धूर दुधासारखा ढवळला जातोय. काही पोरं हात वर करून पडद्यावर बोटांचे कुत्रे नाचवतात. “ए, हात खाली!” सेन्सॉरचं सर्टिफिकेट झळकतं. त्यावर रिळांचा आकडा असतो. पुढं बसलेला एक शाळामास्तर तो मोठ्यानं वाचतो. उगाच नाही : ऑपरेटर घाईत असला की एखादं रीळ गिळतो, आणि मग कुणाला कशाचा पत्ता लागत नाही.

आता गप्प.

रात्र. मुंबई. वर्तमानपत्राचं कार्यालय. संपादकाला फोन येतो, धमकी आहे. तुम्हाला वाटेल फोन वाजला तर काय एवढं. जरा तात्यांकडे बघा. ह्या तंबूत बसलेल्या माणसांपैकी फोन कानाला लावलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्या लेखी दूरचं माणूस एकदम कानात बोलतं ती तार आल्यासारखीच गोष्ट, म्हणजे कुणीतरी गेलेलं असणार. घंटी वाजते आणि बायकांच्या बाजूला एक बांगडी किणकिणून थांबते. खून होतो. सुरा. किंकाळी तंबूभर आधी पडद्यावरून येते, मग पुढच्या रांगेतल्या पोरांकडून.

आणि तिथंच चोरी करायला शिरलेला एक भुरटा आहे, जॉनी वॉकर. त्यानं पाहिलंय. तंबू हसतो. किती वेळचा कोंडलेला श्वास त्या हसण्यातून बाहेर येतो ते तुमच्या स्वतःच्या छातीला कळेल.

पडद्यावर बघा, पण थोडं पडद्याबाहेरही बघा. कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा गेलेला. मुंबईच्या ओल्या रस्त्यावर दिव्यांची लांब रेघ. प्रिंट इतकी घासलेली की कोरड्या सीनमध्येही पाऊस पडतोय. अशा सिनेमांना फ्रेंच समीक्षकांनी ‘काळा’ असं नाव ठेवलं होतं म्हणे, अमेरिकन पोलिसी चित्रपट पाहून. तात्यांना ते सांगायला जाऊ नका. काळोख म्हणजे काय हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं, ते आत्ता त्यातून तीन कोस चालत आलेत. शहरातल्या थेटरात अंधार दरवाजापाशी संपतो. इथं तो कनातीखालून आत आलेला आहे आणि बाहेर नदीपर्यंत, नदीपलीकडे पारनेरच्या माळापर्यंत तोच एक अंधार आहे.

खट्. पडदा पांढरा. मग काहीच नाही. मग खांबाला टांगलेला एक पिवळा बल्ब.

घाबरू नका, बिघडलेलं नाही. रीळ संपलं. ट्रकमध्ये मशीन एकच. हजार फुटांचं रीळ चालतं जेमतेम ११ मिनिटं. दोन-दोन जोडून लावली तरी वीस-बावीस मिनिटांत थांबावंच लागतं. मुंबईच्या थेटरात दोन मशीन असतात, एक संपलं की दुसरं सुरू, प्रेक्षकाला कळतही नाही. मला विचाराल तर त्यांचं नुकसान झालं. रहस्यपटाचा खरा खेळ आत्ता सुरू होतोय, ह्या बल्बखाली.

“त्योच हाय!” तात्या मांडीवर थाप मारतात. “त्यो मोठा सायेब.”

“कोण हो?”

“आवं, के. एन. सिंग! त्यो असला म्हंजी दुसरं कोन आसनार?”

बिनतोड आहे. के. एन. सिंग म्हणजे ती उंचावलेली भुवई, तो सिगारेटचा धूर, तो दबका आवाज. इतक्या सिनेमांत तो खलनायक होता की त्याला पडद्यावर बघताच तंबूतलं लहान पोरगंसुद्धा पैशाची पिशवी घट्ट धरतं. आणि इथं दिग्दर्शक राज खोसलानं त्याला केलंय पोलिसांचा बडा अधिकारी, हिरॉइनचा बाप. आता तंबूत दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, पोलिसाचा वेष हेच त्याचं सोंग. मास्तर पुढून मान वळवून सांगतात, “इतकं सोपं असतं तर एवढी रिळं कशाला काढली असती?” पलीकडून एक पहिलवान म्हणतो, खून त्या चोरट्यानंच केला, आता सोंग करतोय. जॉनी वॉकरची बाजू घ्यायला एकदम दहाजण उठतात. सोलाच्या पलीकडून एका म्हातारीचा आवाज येतो, “गपा की रं, रीळ चढलं!”

खट्. अंधार.

ही अडीच-तीन मिनिटं पुन्हा पुन्हा येणार आहेत आणि दर खेपेला आरोपी बदलणार आहे. ‘सी. आय. डी.’ची गोष्ट तशी फार घट्ट विणलेली नाही. दुपारच्या उन्हात कुणी उलटतपासणी घेतली तर चार ठिकाणी उसवेल. पण उलटतपासणी घ्यायला तुम्हाला उसंतच मिळते ती अशी तुकड्यातुकड्यांनी, आणि प्रत्येक तुकड्यात तुमच्या शेजाऱ्याचं मत तुमच्या डोक्यात शिरलेलं. पुढच्या वीस मिनिटांत तुम्ही सिनेमा बघत नाही, तात्या चुकतात की बरोबर येतात ते बघता.

मध्येच मेहमूद येतो. एकच हशा पिकतो, टोप्या उडतात. आता ह्या दिवसांत मेहमूद म्हणजे पोट धरून हसायचं. हा सिनेमा त्याआधीचा, हे इथं कुणाला ठाऊक नाही. सगळे विनोदाची वाट बघतायत. मेहमूद विनोद करत नाही. तो नुसता बघतो. हसणं हळूहळू, रांगेरांगेनं विझतं. “आरं, ह्यो तर...” तुमच्या मागचा कुणीतरी म्हणतो आणि पुढचं बोलत नाही. हे दिग्दर्शकानं केलेलं नाही, उशिरा आलेल्या प्रिंटनं केलंय. मुंबईकरांना पहिल्या आठवड्यात हे मिळालं नव्हतं.

इंटरव्हल. बाहेर पडा, अंग घामानं चिकचिकलंय. गोटी सोडा घ्या. अंगठ्यानं गोटी दाबली की चीऽक करून फेस हातावर येतो, तो शर्टाला पुसा, सगळे पुसतात. तंबूला वळसा घालून मागं या, एक गंमत दाखवतो. इथं कनात फाटलीय आणि तिच्यापाशी आठ-दहा पोरं मातीत पालथी पडलीयत. बिनतिकीट. त्यांना पडद्याची मागची बाजू दिसते. त्यांच्यासाठी सगळे बोर्ड उलटे, गाड्या रस्त्याच्या चुकीच्या बाजूनं धावतात, आणि देव आनंदचा कोंबडा भलत्याच कानावर झुकतो. उद्या शाळेत तिकीटवाली आणि बिनतिकीटवाली पोरं ह्यावरून गुद्द्यावर येणार आहेत की सुरा डाव्या हातात होता की उजव्या. फाटक्या कनातीचे साक्षीदार शपथेवर सांगतील : खुनी डावखुरा.

चला, आत. दुसरा अर्धा भाग.

आता डाव उलटलाय. खुनाचा तपास करणाऱ्या इन्स्पेक्टरवरच आळ येतो आणि तो पळतोय. तंबूत एक वेगळी शांतता आहे. गावात पोलीस येतो तो कुणालातरी न्यायला. पोलीसच कुत्र्यांच्या आवाजाला दचकून भिंतीला चिकटतो हे बघायला लोकांना एकाच वेळी वाईट वाटतंय आणि थोडं बरंही. आणि ती दुसरी बाई, टोळीतली, कामिनी. वहिदा रेहमान. तिचा हा पहिला हिंदी सिनेमा, आणि बाप्ये मंडळींचं एकमत आहे की तिच्यावर विश्वास ठेवू नये. रीळ बदलताना पहिलवान तसं मोठ्यानं जाहीर करतो. सोलाच्या पलीकडून मघाचीच म्हातारी : “काय तुमास्नी कळतंय! तिचं डोळं बगितलं का? ती त्याला वाचिवनार.” बाप्ये हसतात. म्हातारी तंबाखूची चंची उघडते आणि त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

तिचं खरं झालं का ते मी सांगणार नाही.

फिल्म तुटते, ऐन वेळी. शिट्ट्या, आरोळ्या, “पैसे परत!” ट्रकमधून फिल्म जोडायच्या द्रावणाचा गोड, डोकं फिरवणारा वास येतो. ऑपरेटर दातांत विडी धरून दोन टोकं जोडतोय. त्याच्या बोटांची पेरं कार्बननं काळी पडलीयत. त्यानं हा सिनेमा किती वेळा लावलाय ते त्यालाही आठवत नाही, पण खुनी कोण असं विचारलंत तर तो तुमच्याकडे असं बघेल की जणू तुम्ही देवळातला देव उचलायला सांगितलाय. धंद्याचं इमान आहे ते. एका गावात एकानं फोडलं की दुसऱ्या दिवशीचा तंबू निम्मा रिकामा.

खेळ सुटला. बाहेर चंद्र नाही. बैलगाड्या जुंपल्या जातायत, झोपलेली पोरं पोत्यांसारखी खांद्यावर. नदीकडे निघालेल्या घोळक्यात शिरा. घोडनदीला चैत्रात पाणी कुठं, नुसती वाळू. पाऊल पडलं की खस्स आवाज येतो आणि मागून कुणीतरी चालतंय असं वाटतं. मागं बघू नका. सगळ्यांनाच तसं वाटतंय. काठावरची प्रत्येक बाभळ आज हॅट घालून उभी आहे. मघाशी के. एन. सिंगला फाशी द्यायला निघालेला पहिलवान आता घोळक्याच्या बरोबर मधोमध चालतोय आणि जरा जास्तच मोठ्यानं बोलतोय. कुणीतरी पोरगं हळूच शीळ घालतं. एक क्षण चाळीस माणसं वाळूत खिळतात. मग शिव्या, मग हसू, मग पुन्हा ती खस्स खस्स.

तुम्ही मात्र पलीकडे जायचं नाही. ट्रक निघालाय, डबे पहाटेच्या आत दौंडला पोचवायचेत. वर चढा, डब्यांवरच बसा. पत्रा अजून कोमट आहे.

न्हावऱ्यावरून रस्ता खाली भीमेकडे उतरतो. पारगावच्या पुढं हवा एकदम बदलते : गुऱ्हाळं रात्रभर चालू आहेत, काहिलीतल्या रसाचा तो उकळता, घशाला गोड करणारा वास, आणि अंधारात चुलवणाचे लाल डोळे. खड्ड्यागणिक तुमच्याखाली देव आनंद खडखडतो. ऑपरेटर झोपेत बोलल्यासारखा सांगतो की पुढच्या जत्रेला ‘पाठलाग’ मिळालाय. मराठी, राजा परांजप्यांचा, अजून ताजा. बायको गेलेली आहे, तिच्यासाठी रडून झालंय, आणि पोलिसांनी पकडलेली एक बाई कोर्टात उभी राहून सांगते की तीच मी. काशिनाथ घाणेकर तिच्याकडे बघतो, आणि तिथं रीळ संपलं तर तंबू पेटेल, असं ऑपरेटरचं म्हणणं. तुम्हाला एक गोष्ट ठाऊक आहे जी त्याला नाही : हीच गोष्ट घेऊन राज खोसलाच १९६६ मध्ये ‘मेरा साया’ काढणार आहे. तोंड बंद ठेवा. इथं भविष्य सांगणाऱ्याला लोक दक्षिणा देतात, पण सिनेमाची गोष्ट सांगणाऱ्याला ट्रकखाली उतरवतात.

दौंड आधी नाकाला कळतं. कोळसा. मग कानाला : इंजिनांचे सुस्कारे, डबे एकमेकांवर आदळल्याचे ठाण-ठाण-ठाण असे दूर दूर जाणारे आवाज. मग डोळ्यांना, आणि इथं तुम्ही थबकाल. यार्डातले उंच दिवे, त्यांच्याखाली वाफेचे लोट, वाफेतून कंदील हलवत येणारा माणूस ज्याचा चेहरा दिसत नाही. ओल्या रुळांवर दिव्याची लांब रेघ. मूर्तींना हे सगळं मुंबईत मांडून घ्यावं लागलं असेल, दौंडला ते रोज रात्री फुकट होतं. इथून एक फाटा मनमाडला, एक सोलापूरकडे, बारामतीची छोटी नॅरोगेज वेगळीच. रात्री कुठल्याही वेळी कुणीही उतरतं, कुणीही चढतं, आणि कोण कुठून आला हे कुणी विचारत नाही. खुनी लपवायला ह्यापेक्षा चांगलं गाव शोधून सापडणार नाही.

फलाटावर चहावाला आहे. मातीच्या भांड्यात चहा, ओठाला भाजतो. पुस्तकांच्या गाड्याशेजारी पथारी पसरून एक पोरगा दिव्याखाली बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार वाचतोय, तोंड उघडं, पानाचा कोपरा आधीच दुमडून ठेवलेला. अर्नाळकरांनी अशी हजारावर पुस्तकं लिहिली, त्यामुळे ह्याची रात्रपाळी कधी संपायची नाही. पलीकडे रेल्वेच्या वसाहतीत कुणी अँग्लो-इंडियन ड्रायव्हर कामावर निघताना शीळ घालतोय. सूर ओळखीचा वाटला ना? मघाशी जॉनी वॉकर घोडागाडीतून मुंबईची निंदा करत फिरला त्या गाण्याचाच. ड्रायव्हरच्या मते ते त्याच्या आजोबांच्या वेळचं इंग्रजी गाणं, ‘क्लेमेंटाइन’. तुम्ही आणि तो, दोघंही बरोबर आहात, ओ. पी. नय्यरनी चाल तिथूनच घेतली.

पुण्याची पॅसेंजर लागायला अवकाश आहे, तोवर एक सांगून टाकतो. ही गाडी तुम्हाला जिथं नेणार आहे त्या पुण्यात, प्रभात स्टुडिओत, दोन पोरांचे शर्ट एकदा धोब्यानं बदलले. एक देव आनंद, दुसरा गुरुदत्त. भांडण व्हायचं ते मैत्रीवर गेलं, आणि करार ठरला : तू निर्माता झालास तर मी दिग्दर्शक, मी सिनेमा काढला तर तू हिरो. १९५१च्या ‘बाजी’त देव आनंदनं आपला शब्द पाळला, ‘सी. आय. डी.’ काढून गुरुदत्तनं आपला, आणि दिग्दर्शन दिलं आपल्या हाताखालच्या राज खोसलाला. तेव्हा त्या धोब्यालाही श्रेयनामावलीत जागा मिळायला हरकत नव्हती.

हमाल डबे पार्सलच्या गाड्यावर चढवतोय. गाडी लागते, वाफ फलाटभर पसरते, तुम्ही खिडकीशी बसता. समोर एक तरुण, ट्रंकेवर कोपर टेकून. तो डब्यांकडे बघतो. त्यांवर खडूनं लिहिलंय ते वाचतो. त्याचे डोळे मोठे होतात.

“सी. आय. डी.! तुम्ही पाहिला का हो?”

“कालच.”

“आमच्याकडं आठवड्यानं लागतोय.” तो पुढं सरकतो, आजूबाजूला बघतो, आवाज उतरवतो. “सांगा ना. कोण निघतो शेवटी?”

इंजिनाची शिट्टी होते. तुम्ही खिडकीबाहेर बघता, मग त्याच्याकडे.

“के. एन. सिंग.”

“वाटलंच मला,” तो म्हणतो, आणि समाधानानं मागं टेकतो.